भिशी का बंद झाली? कौसा गावातलं एक प्रकरण

स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचे दोन कागद होते. दोन्हींवर खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने 16/30 असं लिहिलेलं. एक कागद सत्तरीच्या गवंड्याचा, दुसरा एकाहत्तर वर्षांच्या बाईंचा. दोघांनाही आम्ही एकच चिठ्ठी दिली आणि एकाच ठिकाणी पाठवलं. दोघंही गेले नाहीत. गवंडीकाका गेले नाहीत ते बरंच झालं, कारण त्यांना काही झालेलंच नव्हतं. बाई गेल्या नाहीत आणि त्यात सहा महिने वाया गेले. हे दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले ते त्यानंतर.

हे प्रकरण त्या बाईंचं आहे. त्यांना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे, इथेही तेच म्हणते. ओळख कळू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत. शिबिरात स्मृती-तपासणीच्या टेबलावर मीच होते, त्यामुळे चुकांचा हिशेबही माझाच आहे.

कौसा म्हणजे मुंब्र्याच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. आता ते ठाणे महापालिकेत आहे आणि मुंब्रा कुठे संपतं आणि कौसा कुठे सुरू होतं हे रिक्षावालाही सांगू शकत नाही. पण मुळात हे कोकणी मुसलमानांचं गाव. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबं इथे राहायला आली, चाळींच्या जागी इमारती उठल्या, आणि रस्त्यावरची भाषा उर्दू-हिंदी झाली. जुनी घरं मात्र आत, गल्लीत, अजून आहेत. त्या घरांत जी बोली चालते ती कोकणी, म्हणजे मराठीचीच सख्खी बहीण. आगरी ऐकलेल्या माणसाला ती लगेच कळते. ही मंडळी शाफई, नंतर आलेले बहुतेक हनफी, म्हणजे धर्मनियमांच्या दोन वेगळ्या शाखांचे. बाहेरच्याला हे सगळं 'मुंब्रा' या एका शब्दात बसतं. आम्हालाही तसंच बसलं होतं. अल्पसंख्याकांच्या वस्तीतले हे अल्पसंख्याक आम्हाला दिसलेच नाहीत.

शिबिर होतं रविवारी, 24 सप्टेंबर 2023 ला. 21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, त्याच्या आसपासचा रविवार धरायचा असा प्रघात. मंडळात गणपती बसलेले, शिवाय त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 तारखेला येत होत्या. मुंबईतला मिलादचा जुलूस 29 ला ढकलला होता. म्हणजे गाव सगळं कामात. आमचा फलक होता 'स्मृतिभ्रंश तपासणी शिबिर', खाली तेच उर्दूत. पहिल्या तासात एक माणूस आला, तोही पाणी प्यायला. मग कुणीतरी शहाणपणाने पुठ्ठ्यावर 'शुगर-बीपी मोफत' लिहून दारात लावलं आणि रांग लागली.

त्या रांगेच्या शेवटी माझं टेबल. माणूस माझ्यापर्यंत पोचायचा तो रात्रीपासून उपाशी, बोटाला सुई टोचून घेतलेला, डोक्यावर पंखा खडखडतोय, सून पिशवी सांभाळत मागे उभी. अशा माणसाला आम्ही विचारायचो, शंभरातून सात वजा करा, मग आणखी सात. माझ्या मते त्या रांगेत मलाही तीसपैकी तीस मिळाले नसते.

तपासणी होती एमएमएसईची, म्हणजे 'मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन' या चाचणीची, 1975 साली अमेरिकेत तयार झालेली, तीस गुणांची. दहा गुण वेळ आणि ठिकाण सांगण्याचे, तीन शब्द ऐकून लगेच म्हणण्याचे तीन, लक्ष आणि वजाबाकीचे पाच, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवण्याचे तीन, भाषेचे आठ, आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढण्याचा एक. आमच्याकडे तिचा हिंदी तर्जुमा होता. स्वयंसेवक मुलगी लखनवी वळणाचं छान उर्दू बोलणारी, आणि फॉर्मवर 'मातृभाषा' या रकान्यात तिने सगळ्यांना सरसकट 'उर्दू' लिहिलं होतं. मी ते पाहिलं होतं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

खालांना तिने विचारलं, कौन सा महीना चल रहा है? खाला म्हणाल्या, बारा वफातचा. मुलीने शून्य दिला, कारण कागदावर सप्टेंबर हवा होता. त्या दिवशी रबीउल अव्वलची, म्हणजे बारा वफातच्याच महिन्याची, आठवी तारीख होती. उत्तर बरोबर होतं. खाला आपल्या कालगणनेत अगदी जागेवर होत्या आणि आम्ही त्यांना हरवलेलं ठरवलं.

वाचण्याचा प्रश्न आला, तो देवनागरीत. खाला उर्दू शाळेत तिसरीपर्यंत गेलेल्या आणि पुढे आयुष्यभर अरबी कुराण वाचलेलं. अर्थ न कळता, पण अक्षर न चुकता. देवनागरी वाचता येत नाही. शून्य. एक वाक्य लिहा, शून्य. पंचकोन, शून्य. असं करत सोळा. गवंडीकाकांचंही असंच. त्यांनी उभ्या आयुष्यात पेन्सिल धरली ती भिंतीवर ओळंबा लावताना. सगळी पाच वजाबाकीची उत्तरं गेली, लिहिणं-वाचणं-काढणं गेलं, तारीख-साल गेलं. पण तीन शब्द त्यांनी शेवटी तिन्ही सांगितले, वर "आता जाऊ का?" असं विचारलं. खालांना त्या तीनपैकी एकही आठवला नव्हता.

हा फरक कागदावर होता. तिथेच, चौथ्या रकान्यात. पण संस्थेच्या तक्त्यात फक्त बेरीज भरायची होती.

शिकलेलं माणूस आणि न शिकलेलं माणूस यांना एकाच तराजूत घालता येत नाही हे काही नवं नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये 1990 च्या दशकात न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदीत हीच परीक्षा पुन्हा घडवली गेली. शब्द आंबा, खुर्ची, नाणं असे घरचे. वजाबाकी वीस रुपयांतून तीन-तीनची. 'वाचा आणि डोळे मिटा' याऐवजी 'माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा'. आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पुढे आपला स्मृती-चाचण्यांचा संच बनवला, पण पहिल्या खेपेला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत होता. मराठी त्यात नव्हती, मग कोकणीसारख्या बोलीचं नाव कोण काढतो. कोपरीतल्या आगरी आजीला पुस्तकी मराठीत 'सध्या कोणता ऋतू आहे' विचारलं की ती जशी गोंधळते, तशीच ही गत.

आणि यात दुहेरी पेच आहे. साठीपुढच्या भारतीयांवर झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज 2023 मध्ये आला, शंभरातल्या सुमारे 7.4 जणांना, म्हणजे देशात 88 लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांच्याच बाबतीत आपली फूटपट्टी सगळ्यात वाकडी. कमी गुण आले तर ते शाळेचे की आजाराचे, हे नुसत्या बेरजेवरून कळायला मार्ग नाही.

आता चिठ्ठीबद्दल. चिठ्ठीवर छापलं होतं 'मानसोपचार विभागाकडे संदर्भित', आणि हाताने लिहिलं होतं 'ठाणे'. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला ठाण्याला जा म्हणण्यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. पण 'ह्याला ठाण्याला पाठवा' या वाक्याचा अर्थ उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 1901 पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, आणि तेव्हापासून हे गाव म्हणीत जाऊन बसलंय. तिथले डॉक्टर आज किती चांगलं काम करतात याचा त्या म्हणीशी संबंध नाही. खालांचा मुलगा कुवेतला. त्याने व्हिडिओ कॉलवर ती चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, "मां वेडी झाली काय?" चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत गेली, रेशनकार्डाच्या मागे.

पुढे रमजान लागला. 2024 सालचा पहिला रोजा 12 मार्चला होता. खालांना अकरा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. रोज्याच्या दिवसांत ग्लिमेपिराइडची वेळ आणि मात्रा बदलावी लागते, ती कुणी बदलून दिली नव्हती. दहाव्या-अकराव्या रोज्याला त्यांनी सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, गोळ्या घेतल्या, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर थोडा डोळा लागला, आणि उठून 'सकाळच्या गोळ्या' म्हणून पुन्हा घेतल्या. दुपारी असरच्या वेळेला नात बघते तर दादी घामाने डबडबलेली आणि तिलाच विचारतेय, तू कोणाची गो? गल्लीतल्या डॉक्टरांनी शुगर पाहिली, 48. साखरपाणी, मग सलाइन, तासाभरात खाला ताळ्यावर.

डॉक्टर हुशार. एकदा शुगर खाली गेली म्हणजे प्रकरण मिटलं असं त्यांनी मानलं नाही. गोळ्या दोनदा का घेतल्या, हे त्यांनी विचारलं. तेव्हा एकोणीस वर्षांच्या नातीने जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून फोनवर ऐकलं आणि नंतर तिच्याकडून दोनदा. जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना पिशवीत ती चिठ्ठी मिळाली होती, त्यावर माझा नंबर होता.

नात म्हणाली, दादी गेलं वर्षभर जवळपास प्रत्येक नमाजला सज्दा-ए-सहव करतेय.

मला याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला, म्हणून इथे सांगते. नमाजात ठरलेल्या रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून सज्द्यापर्यंतच्या फेऱ्या, असतात. फजरच्या दोन, मगरिबच्या तीन, जुहर, असर आणि इशाच्या चार. मोजताना शंका आली, तीन झाल्या की चार, तर कमी धरायच्या, उरलेली पुरी करायची, आणि शेवटी दोन जादा सज्दे करायचे, म्हणजे दोनदा जमिनीला माथा टेकायचा. तो सज्दा-ए-सहव, विसरण्याचा सज्दा. माणूस विसरणारच हे धर्माने धरून ठेवलंय आणि त्यावर तोडगाही दिलाय. रोज्याचंही तसंच. विसरून पाणी प्यायलं, काही खाल्लं, तर रोजा तुटत नाही. मला हे फार देखणं वाटतं. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम होतो. विसरणं घरात दिसतं, आणि दिसल्याबरोबर माफही होतं. ते कुणाला खटकत नाही. नातीला खटकलं कारण ती बारावीनंतर नर्सिंगला गेली होती आणि तिच्या लक्षात आलं की शंका कधीमधी येते, पाच वेळा रोज येत नाही.

ईद 11 एप्रिलला झाली. त्यानंतर आम्ही दोन आठवडे मुद्दाम थांबलो. शुगर इतकी खाली जाऊन आलेल्या माणसाची स्मृती लगेच तपासण्यात अर्थ नसतो. दरम्यान दोन कामं केली. कान दाखवले, एका कानात मेणाचा बोळा निघाला आणि दोन्ही कान वयाने मंदावलेले. शिबिरात त्यांना प्रश्न ऐकू तरी आले होते का, हे मी आता सांगू शकत नाही. आणि रक्त तपासलं. बी-12 निघालं 140, म्हणजे दोनशेच्या खालच्या मर्यादेपेक्षाही बरंच कमी. घरात रोज मासळी, मग बी-12 कमी कसं, असं सून म्हणाली. बरोबर प्रश्न होता. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-12 शोषणं कमी होतं. ताटातली सुरमई त्याला पुरी पडत नाही. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या आणि ऍलर्जीच्या गोळ्या, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, यांतलं काहीही विसराळूपणा आणू शकतं आणि यांवर इलाज आहे. लवकर तपासण्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. स्मृतिभ्रंशाचं लेबल लवकर लावणं हा नव्हे.

मग मी त्यांच्या घरी गेले. शिबिरात नाही, घरी. सकाळी दहाला, नाश्ता झाल्यावर. बरोबर नात, बोलीसाठी. पण सुरुवात मी खालांपासून केली नाही. त्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसल्या आणि मी आत सुनेशी बोलले.

शिबिरात आम्ही नातेवाइकांना विचारायचो, "विसरतात का?" उत्तर ठरलेलं, "वय झालं, थोडं होणारच." साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, डोक्यावर परिणाम, आपल्या भाषेत या आजाराला शब्द भरपूर आहेत, आणि सगळे एक तर थट्टेचे नाही तर शिवीचे. सुनेने सासूबद्दल त्यांतला कुठला उच्चारावा? त्यामुळे ती म्हणते, वय झालं. या खेपेला मी प्रश्न बदलला. विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय काय करणं सोडलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. मग चहा गाळताना म्हणाली, "भिशी सोडली."

भिशी खालांची होती, पंचवीस वर्षांची. वीस बायका, महिन्याला पाचशे. दहा हजार जमले की वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, घरातल्या सगळ्यात लहान पोराने एक उचलायची, जिचं नाव निघेल तिला रक्कम आणि तिची चिठ्ठी वाटीतून बाद. वही नाही. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, कोणाला नंबर आधी हवाय कारण मुलीचं लग्न आहे, सगळं डोक्यात. दोन वर्षांपूर्वी एका बाईचं नाव दुसऱ्यांदा निघालं, कारण तिची चिठ्ठी वाटीतच राहिली होती. त्याच सुमारास दुसरीकडे एकाच महिन्याचा हप्ता दोनदा मागितला. मोठं भांडण झालं. खालांनी तो फेरा कसाबसा पुरा केला आणि जाहीर केलं, "आता कंटाला आला." घरात ही गोष्ट 'त्या बाईशी झालेलं भांडण' म्हणून नोंदली गेली. आजाराची पहिली ओळ तिथे लिहिलेली होती.

एकदा भिशी निघाली तसं बाकीचं आपसूक निघत गेलं. मुंब्रा मार्केटला एकट्या जाणं सोडलं, गुडघे दुखतात म्हणून. मासळीवालीशी घासाघीस सोडली, ती सांगेल ते पैसे देतात. गोधडी शिवायला घेतली ती अर्धवट कपाटावर पडलीये. कुवेतला फोन लावणं सोडलं, आता मुलाने केला तरच. प्रत्येकाला एक रास्त कारण होतं, आणि प्रत्येक कारण खालांनी स्वतःच दिलेलं. माणूस विसरायला लागतो तेव्हा तो आधी चुकत नाही; जिथे चुकेल अशी जागा सोडून देतो. स्वाभिमानी माणूस तर फारच सफाईने. म्हणून परीक्षेत काय चुकलं यापेक्षा घरात काय बंद झालं, हे मी आता आधी विचारते. घरच्यांना विचारायची आठ प्रश्नांची एक छोटी यादी जगभर वापरतात, 2005 ची. तीत पैशांचे व्यवहार आणि आवड कमी होणं दोन्ही आहेत. पण छापील प्रश्नाला 'हो-नाही' येतं. 'काय सोडलं' म्हटलं की गोष्ट येते.

या तुलनेत सरकारी प्रश्न बघा. आशाताई घरोघरी आजारांच्या तपासणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे हे चांगलंच. पण पत्ता विसरण्यापर्यंत गेलेल्या माणसाला शोधायला फॉर्म लागत नाही, शेजारीच घरी आणून सोडतात. खाला त्या दिवशी पत्ता, पिनकोड आणि जुन्या मालकाचं नावही सांगू शकत होत्या.

नंतर ओट्यावर बसून खालांची तपासणी केली. आधी म्हणाल्या, "मना काय झालाय? मी बरी हाय." मग हसून तयार झाल्या. रमजानच्या आधी कुठला महिना? शाबान. त्याआधी? रजब. त्याआधी? इथे त्यांनी मान वळवून नातीकडे पाहिलं. हे मान वळवणं आमच्या कामात मोलाची खूण आहे. उत्तर आपल्याकडे नाही हे कळलं की माणूस ज्याच्यावर भिस्त आहे त्याच्याकडे बघतो. हिशेब भिशीचा घातला, बारा जणी, पाचशे रुपये, दोघींचे आले नाहीत, किती जमले? पाच हजार, लगेच. शंभरातून सात वजा न करू शकलेल्या बाईने. आंबा, खुर्ची, नाणं हे तीन शब्द सांगितले, तिन्ही म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी विचारलं, तर एकही नाही. "फळ होतं एक" असा आधार दिला तर "केळा?" असं विचारलं. त्याच बैठकीत तुम्ही कुठून आलात, ठाण्याहून का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तितक्याच अगत्याने.

या खेपेला गुण 22 झाले. कुणी म्हणेल सुधारणा झाली. झाली नव्हती, आम्ही आमची चूक वजा केली होती. खरी उणीव पहिल्या दिवशी होती तिथेच होती, उशिराने आठवण्याच्या तीन गुणांत. पहिल्या कागदावर ती बाकीच्या अकरा उणिवांखाली दडली होती.

पुढचं थोडक्यात. खालांना घरच्यांनी कळव्याच्या इस्पितळात नेलं, मुंब्र्याहून एकच स्टेशन. चिठ्ठीवर गल्लीतल्या डॉक्टरांनी लिहिलं 'मधुमेह, कमी बी-12, विसरणं, मेंदूतज्ज्ञांचं मत हवं'. 'मानसोपचार' नाही, 'ठाणे' नाही. यात लपवाछपवी आहे असं माझी एक सहकारी म्हणाली, आणि आमचा वादही झाला. मनोविकाराचा कलंक तसाच ठेवून आपण फक्त दार बदलतो, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण कलंक जाईपर्यंत खालांनी थांबावं का? मी दार बदललं. एमआरआयमध्ये स्मृतीच्या भागाची थोडी झीज आणि रक्तदाब-शुगरमुळे होणारे बारीक जुने डाग, दोन्ही दिसलं. निदान, सुरुवातीच्या पायरीचा मिश्र स्मृतिभ्रंश. बी-12 ची इंजेक्शनं, ग्लिमेपिराइड बंद करून सौम्य गोळी, रक्तदाबाची गोळी नियमित, कानाला यंत्र, आणि डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम. डोनेपेझिल आजार थांबवत नाही, काहींना काही काळ बरं ठेवतं, हे सुनेला तसंच सांगितलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी 14 कारणं मांडली. त्यांतली कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, मधुमेह, रक्तदाब आणि घरात कोंडून घेणं अशी पाच एकट्या खालांकडे होती. शिक्षणाचं आता काही करता येत नाही. बाकी चारांवर काम चालू आहे.

तीन महिन्यांत फरक पडला तो मुख्यतः कानाच्या यंत्राने आणि इंजेक्शनांनी, असं माझं मत. खाला पुन्हा ओट्यावर बसायला लागल्या, गप्पांत पडायला लागल्या. उशिराने आठवणं होतं तसंच आहे.

जमातीच्या मौलानांना मी भेटायला गेले ते पुढच्या शिबिराची हॉलची परवानगी मागायला. सज्दा-ए-सहवची गोष्ट सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, चार-पाच म्हातारे आठवड्याला तोच मसला घेऊन येतात, मी तोच जवाब देतो, मला वाटायचं वहम आहे, नुसता मनाचा संशय. मग त्यांनी जुम्याला एक वाक्य सांगितलं, माझ्या कुठल्याही फलकापेक्षा ते जास्त चाललं: कधीतरी विसरलात तर सज्दा करा, रोज विसरत असाल तर सज्दाही करा आणि डॉक्टरलाही दाखवा.

सप्टेंबर 2024 चं शिबिर 'साठीपुढची तपासणी' या नावाने, जमातीच्या हॉलमध्ये. उपाशीपोटी शुगर आधी, मग नाश्ता, मग कान आणि डोळे. म्हातारं माणूस कानाच्या टेबलावर असताना बरोबर आलेल्याला चहा देऊन आम्ही एकच प्रश्न विचारायचो, काय सोडलं? बोली कुठली हे आधी विचारायचं, तर्क करायचा नाही. शेवटी हातात जे कार्ड दिलं त्यावर गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. गवंडीकाकाही आले होते. त्यांची मी माफी मागितली, त्यांना कशाबद्दल ते आठवत होतं. निरोगी दिसणाऱ्या सगळ्याच वृद्धांची सरसकट स्मृती-तपासणी करावी याला जगातही पुरेसा पुरावा नाही, म्हणून आम्ही ती केली नाही. ज्यांच्या घरून 'सोडलं' आलं त्यांचीच केली.

एक भोक मात्र राहिलं आणि ते बुजवायचं कसं हे मला अजून सुचलेलं नाही. बरेच म्हातारे एकटे आले. मुलं आखातात, बायको गेलेली, जेवणाचा डबा येतो. त्यांनी काय सोडलं हे सांगायला घरात कुणीच नाही. एका गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, सोडायला होतंच काय?

खालांच्या घरी मी शेवटची गेले ती डिसेंबरात. जुहरची वेळ. सून आणि नात एका ओळीत उभ्या, सून मधे, खाला तिच्या उजवीकडे. शाफईंत बायकांनी घरी अशी जमात, म्हणजे एकत्र नमाज, करायला पूर्ण मुभा आहे, हे मौलानांनीच सुचवलं होतं. दुसऱ्याच्या मागे नमाज पढली की रकाती आपण मोजाव्या लागत नाहीत.

नंतर भिशी होती. भिशी पुन्हा सुरू झालीये, आता सुनेची, आणि वहीत. वाटी तीच स्टीलची. चिठ्ठी उचलायचा मान खालांना. त्यांनी डोळे मिटून एक उचलली, नातीकडे दिली, नातीने नाव वाचलं, टाळ्या झाल्या. मी चपला घालत होते तेव्हा खाला म्हणाल्या, "कोनाचा नंबर लागला?" सुनेने सांगितलं. ते तिसऱ्यांदा होतं.